जावयांची लाईन

अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, आणि आला की वऱ्हाडातल्या सासवांना जावयांचं भलतंच प्रेम फुटतं. एरवी जो 'आमच्या पोरीच्या नशिबी आलेला नग' असतो, तो या महिन्यात साक्षात विष्णू होतो. त्याला तेहतीस अनारसे द्यायचे, पितळेचं ताट द्यायचं, वर दिवा ठेवायचा आणि हे सगळं लाल कपड्याखाली झाकून द्यायचं. याला म्हणतात धोंड्याचं वाण. पूर्वी जावई सासुरवाडीला यायचा, हादडायचा, वाण घ्यायचा आणि ढेकर देत जायचा. आता जावई पुण्यात, त्याला रजा नाही. मग वाणच पार्सलनं जातं. बरं, जातं तर जाऊ दे. पण यंदा ज्येष्ठ अधिक आला आणि नेमकं त्याच महिन्यात अकोल्याच्या गोदामात मशीन आलं, तिथे सगळं घोडं अडलं.

गोदाम एमआयडीसीत आहे. अकोट, तेल्हारा, हिवरखेड, बाळापूर, कुठून कुठून पार्सलं इथे उतरतात, गावानुसार वेगळी होतात आणि पुढच्या गाड्यांत चढतात. वेगळं करण्याचं हे काम अकरा वर्षं सत्यभामा गावंडे आणि तिच्या हाताखालच्या चौदा बाया करत होत्या. सत्यभामा बावन्न वर्षांची, उंच, आवाज असा की गेटवरचा वॉचमन दचकून उठावा. तिचं एक वाक्य तेल्हाऱ्यापासून पातूरपर्यंतच्या सगळ्या एजंटांना पाठ होतं : "कपड्यावर चिठ्ठी चिकटवू नका रे बापहो! कपडा चुरगळते, चिठ्ठी चुरगळते, मंग वाचावं कोनं, तुमच्या आज्यानं?"

मशीन आलं ते डब्याडब्यांनी आलं. एकेक डबा पलंगाएवढा, वर पट्टा, खाली चाकं. मालगाडीसारखे एकाला एक जोडायचे, हवे तितके. सगळे जोडून झाले तेव्हा गोदामभर एक मोठं रिंगण तयार झालं. एका ठिकाणी कमान होती, तिच्यात कॅमेरे. पार्सल कमानीखालून गेलं की मशीन चिठ्ठीवरच्या रेघा वाचणार आणि ज्या गावचं असेल त्या गावच्या घसरगुंडीवर त्याला ढकलणार. वाचता आलं नाही तर पुन्हा फिरवणार. तीनदा फिरवूनही जमलं नाही तर शेवटच्या जाळीच्या पिंजऱ्यात टाकणार. त्या पिंजऱ्यावर लाल अक्षरांत पाटी : 'रिजेक्ट'.

मशीनसोबत एक पोरगा आला होता, पियुष. अमरावतीचाच, पण पुण्यात शिकलेला, म्हणून बोलणं धुतल्या तांदळासारखं. त्याचं हे पहिलंच मशीन. शनिवारी दुपारी एक ते तीन त्याची परीक्षा होती. गोदामाचे मॅनेजर विपुल साहेब घड्याळ लावून बसणार. दोन तास मशीन चाललं पाहिजे, मध्ये बंद पडलं तर सगळं मिळून पंधरा मिनिटांची सूट, आणि मुख्य अट म्हणजे चालत्या पट्ट्याला माणसाचा हात लागता कामा नये. पास झालं तर मशीन राहणार आणि पियुषची नोकरी पक्की होणार. नापास झालं तर सोमवारी डबे उचकटून ट्रकमध्ये.

"मावशी, तुमच्या बायांना सांभाळा," पियुष चार वेळा सांगून गेला. "सवयीनं हात जातो."

"नाही जात," सत्यभामा म्हणाली. "माह्या बाया मी उठ म्हतलं तं उठते, बस म्हतलं तं बसते."

तिच्या बाया खरंच तशा होत्या. त्या दिवशी बिघडलेली होती ती सत्यभामाच.

तिचं स्वतःचं एक पार्सल त्या मालात होतं.

झालं असं होतं. तिची एकुलती एक पोरगी प्राजक्ता हिनं दीड वर्षापूर्वी आपल्या मनानं लग्न केलं. मुलगा अमरावतीचा, सुगत तायडे, पाटबंधारे खात्यात नोकरीला. मुलगा वाईट नव्हता, हे सत्यभामेलाही माहीत होतं. पण जात वेगळी, आणि आईला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. सत्यभामा भडकली. गोदामात सगळ्या बायांसमोर गरजली, "त्या पोराचं नाव माह्यासमोर कोनं काढाचं नाही! मले जावई नाही, बस!" बायांनी नाव काढलं नाही. प्राजक्ताचा फोन आला तरी सत्यभामा उचलायची नाही. नंतर नंतर उचलावासा वाटू लागला, तेव्हा फोनच येईना. जिभेनं मोडलेलं हाड बसवणारा वैद्य कुठे मिळत नाही.

आणि मग अधिक महिना लागला. पहिला धोंडा. शेजारणीच्या घरी तळणाचा वास सुटला, तसं हिला घरात बसवेना. हा महिना गेला तर पुन्हा तीन वर्षं. तीन वर्षं त्या पोरीनं सासरच्यांना काय सांगावं, माही माय जिवंत आहे का मेली? सत्यभामेनं गुपचूप तांदूळ भिजवले, अनारसे केले, पितळेचं ताट आणलं. नेऊन द्यायची छाती होईना. दारात उभं राहायचं, आणि दारच उघडलं नाही तर? म्हणून शुक्रवारी संध्याकाळी डाबकी रोडच्या काउंटरवर पार्सल देऊन आली. पाठवणाराचं नाव नुसतं 'एस. गावंडे'. वाण झाकूनच द्यायचं असतं, म्हणून डब्यावर ताट ठेवून सगळं लाल कपड्यात गाठ मारून बांधलं होतं. काउंटरवरच्या पोरानं चिठ्ठी चिकटवली ती त्या कपड्यावर. आणि ही अकरा वर्षं एजंटांच्या नावानं शंख करणारी बाई त्या वेळी इकडेतिकडे बघत होती, कोणी ओळखीचं तर नाही ना. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

सोमवारी अमावस्या. शनिवारची चारची गाडी मिळाली तर रविवारी पार्सल अमरावतीत घरपोच. नाही मिळाली तर महिना संपला.

बरोबर एक वाजता पियुषनं हिरवं बटण दाबलं. पट्टे सरकायला लागले. पहिलं खोकं कमानीखालून गेलं आणि अकोटच्या घसरगुंडीवर अलगद उतरलं. बायांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मोबाइलचे डबे, चपलांची खोकी, औषधांची पाकिटं, सगळं आपापल्या गावाला सुतासारखं सरळ निघालं. विपुल साहेबांनी मान डोलावली.

अर्ध्या तासानं मात्र रिंगणात काहीतरी लाल दिसायला लागलं. एक गाठोडं, मग दुसरं, मग चार एकदम. कमानीखालून जायची आणि घसरगुंडी न धरता पुन्हा पुढे. सत्यभामेनं पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. कपडा, चुरगळलेली चिठ्ठी, आत ताट! ही सगळी धोंड्याची वाणं होती. अर्ध्या जिल्ह्याच्या सासवांनी तेच केलं होतं जे तिनं केलं होतं. चाळीस-पन्नास जावयांची मिरवणूक रिंगणात फिरत होती आणि त्यात तिसऱ्या नंबरवर, वाकड्या गाठीचं, तिचं.

"तीन फेऱ्या झाल्या की जातील पिंजऱ्यात," पियुष म्हणाला. "काळजी नाही. पिंजऱ्यातला माल सोमवारी हातानं बघू."

"सोमवारी?" सत्यभामेचा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला.

"उद्या रविवार, गोदामाला सुटी ना मावशी."

तिचं वाण धपकन पिंजऱ्यात पडलं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं. पण पाचच मिनिटांत ते पुन्हा रिंगणात! मागून दुसरीही. पिंजरा रिकामा आणि पट्टा लालेलाल. पियुष पडद्यापाशी धावला. पडदा सांगत होता की न वाचलेली पार्सलं तीनशे बारा. गोदामात तेवढी गाठोडी नव्हतीच. पोराच्या तोंडचं पाणी पळालं. साध्या खोक्यांना पट्ट्यावर जागा मिळेना, एकामागे एक अडून राहिली, आणि एकदा तर सगळं मशीन थांबलं. सूट दिलेल्या पंधरा मिनिटांतली चार गेली. विपुल साहेबांनी कागदावर काहीतरी खरडलं.

"काय होऊन राहिलं बे हे!" पियुष ओरडला. पुण्याचं सगळं शिक्षण एका क्षणात उतरलं.

सत्यभामा पिंजऱ्यामागे गेली. तिथे तिच्याच बायांपैकी माणिकबाई होती. माणिकबाई म्हणजे साठीकडे झुकलेली, तीन जावयांची सासू. ती पिंजऱ्याच्या मागच्या दारातून एकेक गाठोडं काढत होती, पदरानं पुसत होती आणि जिथून माल मशीनवर चढतो तिथल्या ढिगात नेऊन ठेवत होती. तिथून मशीन आपसूकच त्यांना वर ओढत होतं.

"काय करून राहिली व तू?"

"जावयाचं वाण हाय माय हे," माणिकबाई शांतपणे म्हणाली. "त्याले रिजेक्ट लिवलेल्या जागी टाकाव का? अपशकून असते. मी काई पट्ट्याले हात नाई लावला. ढिगात ठेवलं."

आता काय बोलावं! नियम मोडला नव्हता, पण मशीनचा जीव घेतला होता. चाळीस गाठोडी पुन्हा पुन्हा फिरत होती आणि मशीन प्रत्येक वेळी त्यांना नवीन समजत होतं.

सत्यभामा तोंड उघडणार, तोच तिच्या मनात आलं, गप्प बस. आणखी अर्धा तास असंच चाललं तर परीक्षा नापास. नापास झालं की मशीन बंद आणि माल हातानं. मग तिचं वाण ती स्वतः उचलून चारच्या गाडीत टाकेल, कोणाला कळणारही नाही. फक्त गप्प बसायचं होतं. जन्मात कधी गप्प न बसलेल्या बाईला एवढंच करायचं होतं.

तिनं पियुषकडे पाहिलं. पोरगा पडद्यासमोर ओठ चावत उभा होता. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. फोन वाजला तो त्यानं उचलला, "हो आई, चांगलं चालू आहे, ठेव," म्हणाला आणि पाठ फिरवून डोळे पुसले. आईला खोटं सांगणारी पोरं सत्यभामेला लगेच ओळखू यायची. तिला स्वतःचीच लाज वाटली. एका पोराचं नशीब जाळून दुसऱ्याच्या घरी दिवा पाठवायचा, तो देवाला काय डोंबल पावणार!

"पियुष!" ती अशा आवाजात ओरडली की विपुल साहेबांचा पेन खाली पडला. "इकडं ये. माणिकबाई परत परत तेच टाकून राहिली."

पियुषनं कपाळाला हात लावला. मग हायसं वाटून हसला. "म्हणजे मशीन चांगलं आहे! मावशी, मग ती गाठोडी पिंजऱ्यातच राहू द्या फक्त."

"नाही राहू देणार," माणिकबाई म्हणाली. मागच्या चारपाच बायाही "नाही म्हणजे नाही" म्हणाल्या.

"अरे, पण सोमवारी महिना संपते!" सत्यभामा म्हणाली. "मंगळवारी वाण पोचून काय करतं? तुह्या मशीनले वाचता नाही येत, तं आमाले येते ना! नुसतं फेकून कायले देता? तिथं एक माणूस बसवा वाचाले."

पियुषनं कोपऱ्यातल्या बंद खोक्याकडे पाहिलं. "तसा डबा आहे मावशी," तो हळूच म्हणाला. "वाचून टाईप करायचं टेबल. नवीन चिठ्ठी छापून देतं. खोक्यात पडलंय. साहेब म्हणाले होते, आमच्याकडे लागणार नाही."

सगळ्यांनी विपुल साहेबांकडे पाहिलं. विपुल साहेबांनी चष्मा पुसला.

"जोडायला किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"अकरा आहेत तुझ्याकडे," साहेब म्हणाले. "आणि टेबलाला हात लागलेला चालतो. अट पट्ट्याची आहे."

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. मशीन थांबलं. चौदा बायांनी तो डबा खोक्यातून असा उपसला जसा लग्नघरात गादीचा गठ्ठा उचलतात. पियुषनं पिंजरा सोडवला, डबा सरकवला, खटका लावला, वायर खोचली. डबा जागेवर बसला. पडद्यावर प्रश्न आला : नवीन लाईनचं नाव?

"नाव काय देऊ? लवकर सांगा!"

"जावई!" माणिकबाई म्हणाली.

पियुषला विचार करायला वेळ कुठे होता? त्यानं तेच टाईप केलं. मशीन सुरू झालं आणि पडद्यावर अकोट, तेल्हारा, बाळापूर यांच्याखाली एक ओळ चमकू लागली : 'जावई – ४३'. विपुल साहेब सुद्धा हसले, आणि ते साहेब झाल्यापासून कोणी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

टेबलाशी सत्यभामा बसली. गाठोडं समोर घसरत यायचं, ती चुरगळलेली चिठ्ठी हातानं सरळ करून मोठ्यानं वाचायची, पियुष टाईप करायचा, माणिकबाई नवी चिठ्ठी पुठ्ठ्यावर चिकटवून सुतळीनं गाठीला बांधायची. बाया भोवती गोळा झाल्या आणि प्रत्येक जावयाचं स्वागत करू लागल्या. "हिंजवडी! हा मोठा साहेब दिसते." "दर्यापूर! बसनं एका तासाचं, तं यायले काय पाय दुखते याचे?" "मूर्तिजापूर, व माय, हे तं अर्धा किलोचंच वाण हाय. सासू कंजूस आहे." हसून हसून बाया आडव्या झाल्या. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. इथे तर त्रेचाळीस ग्रह रांगेत उभे होते आणि बाया एकेकाची कुंडली काढत होत्या.

आणि मग वाकड्या गाठीचं गाठोडं सत्यभामेसमोर येऊन थांबलं.

तिनं चिठ्ठी सरळ केली. पण मोठ्यानं वाचेना.

"मावशी, बोला. नाव?"

"सुगत," ती म्हणाली. अगदी हळू.

"काय?"

"सुगत तायडे. रुक्मिणीनगर. अमरावती."

बायांचं हसणं थांबलं. दीड वर्ष जे नाव कोणी काढलं नव्हतं, ते हिनंच काढलं होतं. पियुषला बिचाऱ्याला काय माहीत! तो आपला टाईप करत म्हणाला, "पाठवणार?" आणि स्वतःच वाकून वाचलं, "एस. गावंडे. अरे, हे तर तुमचंच!"

"कोणाचं व हे, सत्यभामा?" माणिकबाईनं विचारलं.

सत्यभामेनं आजूबाजूला पाहिलं. ज्या बायांसमोर ती गरजली होती त्याच सगळ्या उभ्या होत्या. एकही कमी नव्हती.

"माह्या जावयाचं," ती म्हणाली. मग तिच्या नेहमीच्या, वॉचमनला उठवणाऱ्या आवाजात पुन्हा म्हणाली, "माह्या जावयाचं आहे! कान फुटले का सगळ्याईचे?"

माणिकबाईनं गाठोडं पुढे ओढलं, वाकडी गाठ सोडली, कपडा नीट घडी करून घट्ट बांधला आणि चिठ्ठी अडकवली. "लेकीच्या घरी असं गबाळं वाण धाडतात का?" एवढंच पुटपुटली. तिचेही डोळे भरले होते. गाठोडं टेबलावरून आपसूक पट्ट्यावर सरकलं, कमानीखालून गेलं आणि अमरावतीच्या घसरगुंडीवर उतरलं.

तीन वाजता विपुल साहेबांनी कागदावर सही केली. पियुषला बायांनी इतकं जेवू घातलं की त्याला उठवेना. चारची गाडी चार वाजून सात मिनिटांनी सुटली.

रविवारी अकराच्या सुमारास सत्यभामेचा फोन वाजला. नंबर अनोळखी.

"आई, मी सुगत बोलून राहिलो."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पार्सल मिळालं. प्राजक्ता रडून राहिली, म्हणून मी फोन केला. आमी कपडा सोडला नाही. ती म्हणते, वाण कोणीतरी हातात द्यावं लागते, आपलं आपण घेत नसतात. आमच्या घरी हे नसते, मले काही माहीत नाही." तो थोडा थांबला. "तुमी येता का द्यायले?"

"जेवले का तुमी?" सत्यभामेनं विचारलं.

"नाही अजून."

"मंग थांबा. मी येऊन राहिली."

साडेबाराची एसटी तिनं धावत पकडली. अडीच वाजता रुक्मिणीनगरात तिनं बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. प्राजक्ता गळ्यात पडली, दोघी काय बोलल्या ते दोघींनाही कळलं नाही. मग सत्यभामेनं तोंड धुतलं, सुगतला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ते गाठोडं उचललं आणि त्याच्या दोन्ही हातांत ठेवलं.

"घ्या, जावईबापू."

सुगतनं कपडा सोडला. ताट चकचकीत होतं, दिवा शाबूत होता. डबा उघडला आणि तिघंही वाकून बघत राहिले. रिंगणात न जाणे किती फेऱ्या मारलेल्या, घसरगुंडीवरून आपटलेल्या, पिंजऱ्यात पडलेल्या त्या डब्यात एकही अनारसा उरला नव्हता. नुसता चुरा. खसखस वेगळी, गूळ वेगळा. तेहतीस होते का तीन, आता देवालाही मोजता आलं नसतं.

सत्यभामेचा चेहरा उतरला. प्राजक्ता आईकडे बघायला लागली, नवऱ्याकडे बघायला लागली. सुगत मात्र उठला, स्वयंपाकघरातून तीन चमचे घेऊन आला, पुन्हा पाटावर बसला आणि एक चमचा भरून तोंडात घातला.

"मस्त आहे," तो म्हणाला. मग अगदी मनापासून त्यानं विचारलं, "आई, हे असंच खात असतात का?"

सत्यभामेनं पोरीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं.

"हो," ती म्हणाली आणि दुसरा चमचा उचलला. "आमच्याकडे असंच असते."